सुईच्या आधी रंग

सांगते, पण मधे कोणी बोलायचं नाही. मधे बोललात की मी भलतंच काहीतरी सांगायला लागेन आणि हे राहूनच जाईल.

तुम्हाला एवढंच माहिती आहे की मी भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस देण्याच्या मोहिमेत होते आणि मग एकदम गायब झाले, कोणाला भेटेना, कुठे येईना. तुमच्यातल्याच कोणीतरी, कोण ते मी सांगत नाही, असं पसरवलं की मी प्रेमात पडले. पडले असते तर बरं झालं असतं.

आधी काम काय होतं ते ऐका, कारण सगळं त्या कामाच्या पद्धतीतच अडकलंय. चौघांची टोळी आमची. पहिले मामा. माझे सख्खे नाहीत, अख्ख्या ऑफिसचेच मामा, साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. ते जाळीवाले. छप्पन्न वय, एक गुडघा कामातून गेलेला, जिना चढताना तीनदा थांबणार, पण कुत्रा दिसला की गुडघ्याचं दुखणं कुठे पळायचं देव जाणे. लांब दांड्याला गोल जाळी, फुलपाखरं धरायची असते ना तशीच, फक्त मोठी. ती कुत्र्यावर टाकायची, दांड्याला पीळ द्यायचा, की कुत्रा आत गुंडाळला जातो आणि त्याला लागतही नाही. दुसऱ्या डॉक्टर मॅडम, त्या जाळीतूनच मांडीत सुई देणार. तिसरी मी. माझ्या हातात हिरव्या रंगाचा स्प्रे, मेंढ्यांना खुणेसाठी मारतात तो. खांद्यावर एक फस्स, म्हणजे लांबूनच कळतं की याला लस झाली, याला परत धरू नका. म्हणून मला सगळे रंगारी म्हणायचे. आणि चौथा वही. तो रजिस्टर लिहायचा आणि ते कायम छातीशी धरून चालायचा, झोपेतसुद्धा धरत असणार. त्याचं खरं नाव मला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि मी ते विसरलेही.

आमचे शब्द ठरलेले होते. गल्लीत इतका गोंधळ असतो, कुत्री भुंकतायत, पोरं मागे पळतायत, वरच्या खिडकीतून बाई विचारतेय त्याला मारणार का म्हणून, तर अशात कोणी कोणाकडे बघत बसायचं नाही, नुसतं ऐकायचं. मॅडमनी सुई बाहेर काढली की त्या म्हणणार 'दिली'. ते ऐकून मी रंग मारणार आणि म्हणणार 'लागला'. 'लागला' ऐकलं की मामा जाळी उचलणार आणि वही आकडा बोलणार. दिली, लागला, सत्तावीस. दिली, लागला, अठ्ठावीस. जाळी उचलताना मामांची नजर पुढच्या कुत्र्यावर असायची. ते खाली बघायचेच नाहीत.

पहिले चार दिवस मी अगदी शिस्तीत वागले. मग हात बसला. माझ्या लक्षात आलं की मॅडम सुई टोचत असतानाच रंग मारून टाकला तर कुत्रा घट्ट धरलेला असतो, नेम चुकत नाही, आणि 'दिली' नि 'लागला' जवळजवळ एकदमच येतात. दिवसाला नव्वद कुत्री व्हायची ती एकशेतीस व्हायला लागली. मामा इतके खूश की जो भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या टोळीत पोरगी नाही आली, विमान आलंय." मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "रंगारी, सुईच्या आधी रंग नको हं." मी म्हटलं, "नाही मॅडम, बरोबरच मारते." आणि तोपर्यंत खरंच बरोबरच मारत होते.

अकराव्या दिवशी आम्ही मामांच्या घराच्या बाजूला होतो. दुपारचे दोन, ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतंय. मामांच्या मागच्या गल्लीत टायरचं दुकान आहे, तिथे जुने टायर रचून ठेवलेले असतात, त्यांच्या सावलीत एक तपकिरी कुत्रा झोपला होता. शेपूट नाही, नुसता बोटभर बुडखा. मामांनी झोपेतच धरला. मॅडम खाली बसल्या आणि बर्फाच्या पेटीकडे वळल्या, कारण आधीच्या कुत्र्याने सुई वाकवली होती, ती बदलायची होती. आणि मी फस्स. तोंडातून निघालंच, 'लागला'. मामांनी जाळी उचलली.

मी बघत होते. तो उठला, अंग झाडलं, बुडखा हलवला आणि टायरांच्या मागे गेला, खांद्यावर माझा ताजा हिरवा पट्टा घेऊन. मॅडम वळल्या तर त्यांच्या हातात भरलेली सिरिंज. त्यांना वाटलं, ही आपण पुढच्यासाठी भरली. तुम्ही म्हणाल असं कसं वाटेल, पण त्या उन्हात एकोणऐंशीव्या कुत्र्याला कोणाला काय आठवतंय. "चला, पुढचा कोण," त्या म्हणाल्या. वही म्हणाला, "एकोणऐंशी," आणि लिहिलं.

मी तोंड उघडलं होतं, शपथ. तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून मामा ओरडले, "काय गं, विमानातलं पेट्रोल संपलं का?" सगळे हसले. मीही हसले आणि पळाले. म्हटलं, चहाच्या वेळी सांगू. चहाच्या वेळी नेमके साहेब आले आणि म्हणाले की सगळ्या टोळ्यांमध्ये तुमची टोळी पुढे आहे, आणि मामांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मग म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळी वही म्हणाला, "मॅडम, हिशेबाने एक डोस जास्त उरतोय." मॅडम म्हणाल्या, "कुपीत थेंबभर जास्त असतंच रे, लिही वाया गेला म्हणून." मी तिथेच बसून रंगाचे डबे पुसत होते. चार डबे होते, मी ते कितीदा पुसले माहीत नाही.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी एकटीच तिकडे गेले, एका हातात बिस्किटांचा पुडा आणि पिशवीत थिनर नि फडकं. म्हटलं सुई तर आपण देऊ शकत नाही, निदान रंग पुसू, म्हणजे पुढच्या फेरीत कोणीतरी धरेल. त्याने मला बघितलं आणि जो पळाला. माझ्या अंगात तेच मोहिमेचं जॅकेट होतं ना, काल ज्यांनी जाळी टाकली त्यांचं. अर्धा तास बसले, बिस्किटं मांजरीने खाल्ली. मग कामाची वेळ झाली. त्या दिवसापासून आमचा भाग बदलला आणि मी स्वतःला समजावलं. आम्हाला शिकवलं होतं की शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली तरी रोगाला पुढे सरकायला जागा राहत नाही. आपण तर पंचाऐंशीला पोचलो होतो. एक कुत्रा इकडे काय नि तिकडे काय. हे मी इतक्या वेळा म्हटलं की मला झोप यायला लागली.

आता मामी. मामांची बायको. जाळ्या फाटायच्या, कुत्री दातांनी फाडायची, तर त्या दुरुस्त करायचं काम मामींकडे असायचं. मोहीम संपली तरी पुढच्या वेळची तयारी म्हणून दर शनिवारी मी फाटक्या जाळ्या घेऊन त्यांच्याकडे जायचे. त्या जमिनीवर बसायच्या, जाळीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दातात दोरा, आणि दातात दोरा धरूनच बोलायच्या. मला म्हणायच्या, "तुझ्या नखांतला तो हिरवा रंग बघून तुला मागणी कोण घालणार? म्हणतील सून आणली की शेवाळ आणलं." माझी आई इतकी चेष्टा करत नाही, कधीच केली नाही. मी शनिवारची वाट बघायचे, खरं सांगते.

मोहीम संपून दीड महिना झाला असेल. शनिवारी गेले तर मामींच्या मनगटावर पट्टी.

"हे काय झालं?"

"अगं, तुमच्या गिऱ्हाइकाने पोच दिली," मामी म्हणाल्या. "मागच्या दारी उरलंसुरलं टाकायला गेले, तर एकाने धरलं. फार नाही, दोन दात लागलेत."

मामा खुर्चीत बसून गुडघ्याला तेल लावत होते. "हिरवा होता म्हणून सोडला त्याला. नाहीतर जाळीच काढत होतो."

मी म्हटलं, "मामी, सुया घेतल्यात ना?"

"कशाला? पट्टा होता की त्याच्यावर. फिका झालाय, पण दिसत होता."

"तरी घ्यायच्या असतात. आपणच घरोघरी सांगत होतो ना, हिरवा असो नसो, चावला की साबणाने धुवा आणि सुया घ्या."

"ते लोकांना सांगायचं," मामा म्हणाले. "लोकांना काय कळतंय. हा आपल्या हातचा आहे. आणि हे बघ." त्यांनी बाही वर केली. हातभर व्रण. "पंचवीस वर्षं चावतायत, काय झालं मला?" पण मामांना, आम्हा सगळ्यांनाच, कामावर घेताना आधीच सुया दिलेल्या होत्या. मामींना कोण देणार, त्या तर घरी बसून जाळी शिवत होत्या.

मामी हसल्या. "मला सांग, तुमचाच रंग नि तुमचाच त्याच्यावर भरवसा नाही, मग महिनाभर उन्हात जाऊन काय गल्ल्या रंगवत होता होय?"

मला तिथे एकच प्रश्न विचारायचा होता. त्याला शेपूट होती का. चार शब्द. मामींनी लगेच सांगितलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का गं, शेपटीचं काय, आणि मग मला ते सगळं सांगावं लागलं असतं, टायरच्या दुकानाचं, उरलेल्या डोसाचं, आणि समोर मामा बसलेले, जे अजूनही ज्याला त्याला विमानाचं सांगत होते. मी मनात मोजलं. त्या भागात आपण किती कुत्री रंगवली, निम्मी तरी तपकिरी. तोच कशावरून असेल. नसणारच.

"साबणाने नीट धुतलं ना पण?" मी म्हटलं.

"धुतलं गं बाई, कपड्यांच्या साबणाने धुतलं, बुरशी लागलेल्या चादरीसारखं घासलं."

आणि मी चहा प्यायले. त्या दिवशी मामींनी मला गाठ कशी मारायची ते शिकवलं, जी ओली झाली की आणखी घट्ट होते. मला ती पहिल्याच फटक्यात जमली आणि मामी म्हणाल्या, "घ्या, आता माझीही नोकरी गेली."

पुढच्या शनिवारी पट्टी निघाली, दोन बारीक खुणा राहिल्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या. मी सुटले असं मला वाटलं. हो, असंच वाटलं, मी सुटले.

पाच आठवड्यांनी सकाळी सातला वहीचा फोन. मामी दवाखान्यात आहेत, ये. मी विचारलं, काय झालंय, तर तो म्हणाला, "पाणी पिता येत नाहीये त्यांना," आणि मी तशीच चपला घालून निघाले, कारण आम्ही त्या कामातली माणसं, आम्हाला पुढचं सांगावं लागत नाही.

आठ दिवस हात झिणझिणत होता म्हणे. त्यांना वाटलं गाठी मारून मारून नस आखडली. मग ताप आला. मग आदल्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला आणि घसाच आवळला, कप फेकला गेला, आणि मामींनी आधी फरशी पुसली आणि मग सांगितलं.

दवाखान्यात त्यांना कडेच्या खोलीत ठेवलं होतं, पडदे लावून. बाहेर बाकावर मामा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मामींच्या चपला. समोर डॉक्टर उभे, माझ्याच वयाचे असतील, हातात कागद.

"कुत्रा चावला होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चावला होता, पण लस झालेला," मामा म्हणाले. "आमच्याच मोहिमेतला, पट्टा होता. मी स्वतः धरलेला असणार. म्हणून म्हणतो डॉक्टर, तो नसणार. दुसरं काहीतरी बघा. घशाचं असेल, मज्जातंतूचं असेल. तो नसणार."

ते इतक्या खात्रीने सांगत होते ना, की डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बघतो, आणखी तपासण्या करू." आणि मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे, बघ, वाट आहे अजून.

मी आत गेले. मामी शुद्धीत होत्या, अगदी नीट शुद्धीत, तेच तर वाईट असतं त्यात. ओठ फुटलेले. पंखा बंद, कारण वारा लागला तरी घसा आवळतो. मला बघून म्हणाल्या, "आलं का शेवाळ."

मी विचारलं, "मामी, तुम्हाला चावला तो कुत्रा, त्याला शेपूट होती?"

"नव्हती गं. बुडखा होता नुसता. बिचारा." जरा थांबल्या, श्वास घेतला. "लाळ गळत होती त्याची. मला वाटलं उन्हाने झालंय. वाडग्यात पाणी ठेवलं मी त्याला, पण तोंड लावेना. परत सरकवायला गेले तर धरलं."

माझ्या तोंडातून आवाज निघाला असणार काहीतरी.

"तू कशाला रडतेस," मामी म्हणाल्या, "तुला चावलाय का?"

मी बाहेर आले. आणि मी सांगितलं, तिथेच उभ्याने, डॉक्टर अजून होते तिथे. सगळं सांगितलं. सुई वाकली होती, मी आधीच रंग मारला, मी लागला म्हणाले, कुत्रा सुई न घेताच गेला, शेपूट नसलेला, टायरच्या दुकानाजवळचा, मला त्याच दिवशी माहिती होतं, आणि त्या शनिवारी मी विचारलं नाही. एका दमात सांगितलं, आत्ता सांगतेय तसंच.

मामांनी पिशवी मांडीवरून बाकावर ठेवली. मग परत मांडीवर घेतली.

"मी आवाजावर उचलतो," ते म्हणाले.

"हो."

"तू लागला म्हणालीस."

"हो मामा."

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि उठून आत गेले, आणि दार लावून घेतलं. दुसरं काहीतरी बघा, असं त्यानंतर ते कोणाला म्हणाले नाहीत.

डॉक्टर मला म्हणाले, "त्यांच्यासाठी आता आपण फक्त त्रास कमी करू शकतो. पण तो आणखी कोणाला चावलाय का? त्यांना अजून काही झालं नसेल तर वेळ आहे. ते शोधा. आज शोधा."

मी नि वही दुपारीच त्या गल्लीत गेलो. दारोदार. कुत्रा कधीच मेला होता, टायरांच्या मागेच, सफाईवाल्यांनी उचलून नेला. तिघं सापडले. एका शिंप्याला हाताला लागलं होतं, तो आमचं बोलणं ऐकून मशीन चालू ठेवूनच निघाला. पण दोघं ऐकेनात. एक टायरवाला, त्याच्या पोटरीला धरलं होतं. दुसरी एक सहा वर्षांची मुलगी, टाचेला दात लागलेला, तिची आई घरी शिकवण्या घ्यायची. दोघांचं म्हणणं एकच. पट्टा होता ना.

"पट्टा खोटा आहे," मी म्हटलं. "सुई लागलीच नव्हती त्याला."

टायरवाला हसला. "म्हणजे तीन महिन्यांपूर्वी तुम्हीच सांगितलंत की हिरवा म्हणजे बिनधास्त. आज तुम्हीच म्हणताय हिरवा खोटा. उद्या म्हणाल सुई खोटी. बाई, मला दुकान आहे."

आम्ही तसं कधी सांगितलं नव्हतं, पण लोकांनी ते तसंच ऐकलं होतं. आम्हीही तसंच ऐकलं होतं, मामांच्या घरात. त्या मुलीची आई म्हणाली, "हिला पाच पाच सुया टोचायच्या, आणि ते तुम्ही आधी नीट काम केलं असतं तर टोचाव्या लागल्या नसत्या, असंच ना? लेखी आणा मग बघू." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं, सही केली, ते लेखी आणलं, परत गेले. टायरवाल्याने ते वाचून घडी घालून टायरखाली ठेवलं. आईने दारच उघडलं नाही, आतून मुलांना पाढे म्हणायला लावत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे मामी गेल्या. मी दवाखान्याच्या फाटकाशी होते. आत जायची माझी हिंमत झाली नाही आणि कोणी बोलावलंही नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी माझं दार वाजलं. मामा. दाढी वाढलेली, अंगात मोहिमेचं जॅकेट, गुंड्या खालीवर लागलेल्या. मी काहीतरी म्हणायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

"वही म्हणाला दोघं राहिलेत."

"हो."

"चल."

ते पुढे, मी मागे. टायरच्या दुकानात टायरवाला स्टुलावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि जसं रोज दारोदार सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "काल माझी बायको गेली. याच कुत्र्याने. पट्टा असलेल्याच. तिला मीच म्हटलं होतं की सुया नकोत."

टायरवाल्याने ट्यूब पाण्यातून काढली. मामांना तो पंचवीस वर्षं ओळखत होता, त्याला मामी माहिती होत्या. तो उठला, हात फडक्याला पुसले, खूप वेळ पुसले, मग हवा भरायचं मशीन बंद केलं आणि शटर खाली ओढलं. सरळ दवाखान्याच्या रस्त्याला लागला, पोटरी ओढत, जणू आत्ताच चावलाय.

मग शिकवणीवाल्या बाईचं घर. मामांनी दार वाजवलं आणि वाजवतच राहिले. तिने उघडलं तेव्हा मुलगी तिच्या मागे उभी होती, पेन्सिल तोंडात. मामांनी तेच सांगितलं, तेच शब्द, फक्त मुलीकडे न बघता. बाई दाराची कडी धरून ऐकत होती.

"रंग कोणी लावला होता?" तिने विचारलं.

मामा म्हणाले, "आम्ही."

नुसतं आम्ही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मागे उभी होते, मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, तिला कधी कळलं नसतं.

"त्यांनी नाही," मी म्हटलं. "मी लावला. आणि मला माहिती होतं."

मला वाटलं ती मला मारेल. मारायला हवं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, फक्त बघितलं, मग वाकून मुलीच्या तोंडातली पेन्सिल काढली आणि तिच्या पायात बूट घालायला लागली. मुलगी विचारत होती, कुठे जायचंय, शिकवणी सुटली का, आणि आईची लेसची गाठ दर वेळी सुटत होती. मी वाकणार होते. मामा आधी वाकले, त्या गुडघ्यावर, आणि त्यांनी बांधली.

दोघंही ठीक आहेत, सांगते, म्हणजे तुम्ही विचारत बसायला नको. मुलगी आता आठ वर्षांची आहे, टायरवाला आहे तसाच आहे.

त्या घरातून बाहेर पडल्यावर मामा कोपऱ्यावर थांबले. भिंतीला हात टेकून, गुडघा चोळत. मी चार पावलं मागे. मग ते म्हणाले, "मला तुला खूप बोलायचंय. शिव्या द्यायच्यात. पण आत्ता ताकद नाही अंगात. ताकद आली की बोलवीन."

मी म्हटलं, "मी येईन मामा."

"घरी ये तेव्हा. रस्त्यात नको," ते म्हणाले, आणि गेले.

दोन वर्षं झाली. ते अजून मोहिमेत आहेत, दुसऱ्या भागात, मी ऑफिसात कागद बघते, साहेबांनी तिकडे टाकलं मला. पगाराच्या रांगेत कधी दिसतात. त्यांनी मान हलवली की मीही हलवते. मी गावाला गेले नाही, घर बदललं नाही, नंबर तोच ठेवलाय. त्यांनी बोलावलं तर मी आत्ताही उठून जाईन, चहा अर्धा सोडून.

अजून बोलावलेलं नाही.